सूत्रकृमीचे आयुर्मान : जनुके व चयापचय

सीनोरॅब्डायटिस एलेगन्स (सी. एलेगन्स) हा सुमारे १ मिमी. लांबीचा पारदर्शक, मुक्तजीवी सूत्रकृमी. २०° से. तापमानाला तो तीन-चार दिवसांत प्रौढ होतो आणि दोन ते तीन आठवडे जगतो. उभयलिंगी प्रौढाच्या ९५९ कायिक पेशी पुन्हा विभागत नाहीत, त्यामुळे झिजलेल्या पेशीची जागा नवी पेशी घेत नाही. स्वफलनामुळे संतती जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखी असते. तरीही एकाच बशीत, एकाच दिवशी वाढीला लागलेल्या कृमींचे मृत्यू अनेक दिवसांवर पसरतात. म्हणून आयुर्मान एका कृमीचे सांगता येत नाही, ते समूहाच्या जीवितवक्रावरूनच सांगावे लागते.

एज-१ आणि डॅफ-२. दीर्घायुषी उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) कृमी मायकेल क्लास यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या मते या कृमींचे आयुष्य मुख्यतः कमी खाण्यामुळे वाढले होते. डेव्हिड फ्रीडमन व टॉमस जॉन्सन यांनी १९८८ मध्ये हा गुण एज-१ या एका जनुकाशी जोडला. २०° से. ला सरासरी आयुष्य सुमारे ४० टक्क्यांनी आणि कमाल आयुष्य सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेले दिसले. याच वाणात प्रजननक्षमता बरीच घटलेली होती, त्यामुळे ‘संततीची किंमत देऊन आयुष्य मिळते’ हा अर्थ त्या वेळी सहज पटला. पुढे ती घट शेजारच्या फेर-१५ या दुसऱ्याच उत्परिवर्तनाची निघाली. दोन्ही वेगळी केल्यावर दीर्घायुष्य टिकले आणि प्रजननाचा दोष गेला. शोधाचे श्रेय क्लास यांचे की जॉन्सन यांचे, यावर एकवाक्यता नाही. वाण क्लास यांचा, पण जनुक म्हणून त्याची ओळख १९८८ ची, अशी विभागणी अधिक न्याय्य वाटते.

सिंथिया केनियन यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवले, की डॅफ-२ हे जनुक दुबळे झालेले कृमी दुपटीहून अधिक जगतात आणि हा लाभ डॅफ-१६ हे दुसरे जनुक शाबूत असेल तरच मिळतो. ही दोन्ही जनुके डाउअर अळीच्या संदर्भात आधीच माहीत होती. अन्न संपले किंवा गर्दी झाली, की अळी हे न खाणारे पर्यायी रूप घेते व महिनोन्‌महिने तग धरते. गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये एज-१ हे फॉस्फोइनोसिटाइड ३-कायनेज (पेशीतील संदेश पुढे नेणारे विकर) आणि १९९७ मध्ये डॅफ-२ हे इन्शुलिन-आयजीएफ-१ कुळातील ग्राही (संप्रेरकाचा संदेश पेशीत घेणारे प्रथिन) असल्याचे दाखवले, आणि सुटे दुवे एका साखळीत बसले. ग्राही सक्रिय असताना एज-१ मार्फत एकेटी कायनेजे जागी होतात. ती डॅफ-१६ या फॉक्सो (जनुके चालू-बंद करणाऱ्या) प्रथिनाला फॉस्फेट जोडून केंद्रकाबाहेर अडवतात. संदेश मंदावला, की डॅफ-१६ केंद्रकात शिरते आणि ताण सोसण्यास मदत करणारी अनेक जनुके चालू करते.

चयापचयाचा वेग. ‘जो सावकाश जळतो तो जास्त जगतो’ ही कल्पना जुनी आहे. वेन व्हॅन व्हूरहीस व सॅम्युएल वॉर्ड यांनी १९९९ मध्ये दीर्घायुषी उत्परिवर्तींचा चयापचय मंद असल्याचे मांडले. गेंट येथील ब्रेकमन, व्हानफ्लेटेरेन प्रभृतींना ते मान्य झाले नाही. वादाचे मूळ भागाकारात आहे : ऑक्सिजनचा वापर दर कृमीमागे काढायचा की दर मिग्रॅ. प्रथिनामागे? कृमीचे आकारमान व प्रथिनसाठा वाणागणिक बदलत असल्याने दोन्हींची उत्तरे वेगळी येतात. डॅफ-२ उत्परिवर्तींमध्ये एटीपीची (पेशीतील ऊर्जावाहक रेणूची) पातळी उलट जास्त आढळल्याने केवळ मंद ज्वलनाचे स्पष्टीकरण अपुरे पडते.

तंतुकणिकांचा (पेशीत श्वसनाने ऊर्जा बनवणाऱ्या घटकांचा) पुरावा आणखी गुंतागुंतीचा आहे. क्लक-१ (युबिक्विनोन-निर्मिती) व आयएसपी-१ (श्वसनसाखळीचे तिसरे संकुल) यांतील दोष आयुष्य वाढवतात, तर मेव्ह-१ (दुसरे संकुल) मधील दोष ते घटवतो. श्वसनसाखळीची जनुके आरएनए-हस्तक्षेपाने (जनुकाचा संदेश आरएनएद्वारे अडवून) अळी-अवस्थेतच दाबली तर आयुष्य वाढते. प्रौढपणी दाबल्यास एटीपी घटते, पण आयुष्य वाढत नाही. जनुके फार दाबली गेली, की कृमीची वाढ खुंटते. मुक्तमूलक पेशींना इजा करून वार्धक्य आणतात, हा सिद्धांतही येथे डळमळला : तंतुकणिकेतील मुक्तमूलक नष्ट करणारे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज (सॉड-२) काढून टाकल्यावर कृमी अधिक जगल्याचे २००९ मध्ये दिसले.

ईट-२ उत्परिवर्तीची ग्रसनी मंद चालते, त्यामुळे तो कमी खातो व जास्त जगतो. कृमी वाढवण्याच्या माध्यमात २ टक्के ग्लुकोज मिसळल्यास सामान्य कृमीचे आयुष्य घटते. या परिणामात डॅफ-१६ चा वाटा आहे. जननपेशींच्या पूर्वज पेशी लेसरने नष्ट केल्यास आयुष्य सुमारे ६० टक्क्यांनी वाढते, पण संपूर्ण जननग्रंथी काढल्यास वाढत नाही. म्हणजे केवळ प्रजनन थांबणे हे कारण नव्हे. जननपेशी व ग्रंथीचा कायिक भाग परस्परविरोधी संदेश देतात.

मापनपद्धती. १ लिटर माध्यमात मीठ ३ ग्रॅ., पेप्टोन २·५ ग्रॅ. व आगर १७ ग्रॅ. असते. निर्जंतुक केलेले माध्यम निवल्यावर १ मोलर कॅल्शियम क्लोराइड व १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येकी १ मिलि., १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट (पीएच ६) २५ मिलि. आणि कोलेस्टेरॉलचे द्रावण १ मिलि. (५ मिग्रॅ.) घालतात. कृमीला स्टेरॉले स्वतः बनवता येत नसल्याने कोलेस्टेरॉल वगळून चालत नाही. अन्न म्हणून ई. कोलाय ओपी५० चा थर देतात. हे जिवाणू म्हाताऱ्या कृमीच्या घशात व आतड्यात वाढून त्याला मारतातही. अतिनील किरणांनी मारलेल्या जिवाणूंवर कृमी अधिक जगतात.

अंडी घालण्याच्या काळात प्रौढ कृमी रोज किंवा दिवसाआड नव्या बशीत हलवावे लागतात, नाहीतर आई व मुले ओळखू येत नाहीत. हे टाळण्यासाठी संततीची वाढ रोखणारे फ्लोरोडीऑक्सियुरिडीन वापरतात. पण काही उत्परिवर्तींचे आयुष्य या औषधानेच बदलते. प्लॅटिनमच्या तारेने डोक्याशी व शेपटीशी हलकेच स्पर्श करूनही हालचाल नसेल तर कृमी मृत धरतात. बशीच्या कडेवर चढून सुकलेले, पोटातच अंडी उबून फुटलेले किंवा हरवलेले कृमी त्या दिवसापासून गणनेतून वगळायचे असतात. ते मृत्यू म्हणून मोजले, की सरासरी खोटी खाली येते. डॅफ-२ चे ई१३७० हे रूप २५° से. ला वाढवल्यास अळ्या डाउअर होतात. म्हणून ती अळी-अवस्था ओलांडेपर्यंत कमी तापमानाला ठेवतात.

पार्श्वभूमीतील उत्परिवर्तने कशी फसवतात, हे सर-२·१ या सर्ट्युइन जनुकाबाबत दिसले. त्याच्या जादा प्रतींनी आयुष्य ५० टक्क्यांपर्यंत वाढते असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये डेव्हिड जेम्स यांच्या गटाने तोच वाण मूळ वाणाशी वारंवार संकरित केला, तेव्हा वाढ नाहीशी झाली. वाणात संवेदी चेतापेशींचा दोष असलेले दुसरे उत्परिवर्तन लपलेले होते. २००१ चा दावा करणाऱ्या मूळ गटाने मात्र संकरानंतरही अल्प वाढ उरते, असे मांडले. जेम्स गटाची बाजू अधिक भक्कम वाटते. नवा दीर्घायुषी वाण हाती आला, की आयुर्मान मोजण्याआधी त्याचा मूळ वाणाशी अनेकदा संकर करणे म्हणूनच आवश्यक मानतात.