डिझेल इंजिनबदलानंतरची वायरिंग आणि मीटरांची जुळणी

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीपमध्ये किंवा मोटारीत दुसऱ्या वाहनाचे डिझेल इंजिन बसविल्यावर मूळ वायरिंग आणि डॅशबोर्डावरील मीटर त्या इंजिनाशी जुळवून घेणे, हे इंजिनबदलातील शेवटचे आणि बहुधा सर्वांत रेंगाळणारे काम होय. इंदूर हे माळव्यातील मालवाहतुकीचे मोठे केंद्र असून धार जिल्ह्यातील पीथमपूरची वाहनउद्योगाची वसाहत त्याच्या जवळच आहे. त्यामुळे डिझेल इंजिनाची दुरुस्ती जाणणारे मिस्त्री येथे दुर्मिळ नाहीत. वायरिंगचे काम मात्र वेगळ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाते आणि इंजिन बसविणारा व तार जोडणारा यांची गाठ पडत नाही तेथे घोटाळे सुरू होतात. बोलण्यात स्टार्टरला ‘सेल्फ’ आणि थंड इंजिन पेटावे म्हणून सिलिंडर तापविणाऱ्या ग्लो प्लगला ‘हीटर प्लग’ म्हणतात. या नोंदीतही तेच शब्द वापरले आहेत. इंजिनाचा प्रकार किंवा इंधन बदलणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येते, म्हणून परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नोंदणीपुस्तकातील बदल हे काम हाती घेण्यापूर्वीच पाहावे लागतात.

पेट्रोल इंजिनात किल्ली बंद केली की ठिणगी थांबते आणि इंजिन बंद पडते. डिझेलला ठिणगीच नसते, म्हणून ते बंद करण्यासाठी इंधन तोडावे लागते. ओळीतल्या (इनलाइन) इंधनपंपावर हे काम ओढायची केबल करते, तर रोटरी इंधनपंपावर स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी इंधनाची झडप, असतो आणि त्याला वीज मिळत असेतोवरच इंधन वाहते. इग्निशन कॉइलची जुनी तार आयती मोकळी झालेली असल्याने ती या सोलेनॉइडला जोडण्याचा मोह होतो. ही तार किल्लीच्या कोणत्या स्थितीत जिवंत असते, हे आधी तपासले पाहिजे. ती ‘ऑन’मध्ये जिवंत आणि सेल्फ मारताना मृत असेल, तर सेल्फ फिरत राहील पण इंजिन पेटणार नाही. काही गाड्यांत कॉइलच्या वाटेवर व्होल्टेज कमी करणारा बॅलास्ट रोध असतो, काहींत तारच रोधाची असते. तेथून सोलेनॉइडला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही आणि तो कधी धरतो, कधी सोडतो. तीस वर्षांच्या जीपमध्ये तारांच्या रंगावर विसंबण्यात अर्थ नाही, कारण मधल्या काळात प्रत्येक मिस्त्रीने हाताशी होती ती तार लावलेली असते.

याच्या उलट तक्रार अधिक बुचकळ्यात टाकते: किल्ली काढली तरी इंजिन चालूच राहते. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या चार्जिंग दिव्याची तार दिवा वगळून सरळ इग्निशनच्या फीडला जोडली असेल, तर फिरणारा अल्टरनेटर त्याच तारेतून उलटी वीज पाठवून सोलेनॉइड धरून ठेवतो. किल्ली काढूनही इंजिन चालू असताना ती तार सोडवून पाहावी. इंजिन लगेच बंद पडले तर निदान पक्के. त्या तारेत अल्टरनेटरकडेच प्रवाह जाऊ देणारा डायोड घालणे आणि २ ते ३ वॉटचा दिवा परत बसविणे हा उपाय आहे. दिव्याच्या जागी एलईडी लावल्यास अल्टरनेटर कमी फेऱ्यांवर जागाच होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

हीटर प्लगांचा भार जुनी वायरिंग पेलू शकत नाही. एक प्लग तापल्यावरही साधारण १० ते १५ अँपिअर घेतो, म्हणजे चार प्लगांना ४० ते ६० अँपिअर लागतात आणि पहिल्या काही सेकंदांत त्याहून अधिक. इंदूरमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, तेव्हा प्लगांशिवाय चालू होणारे इंजिनही अडून बसते. त्यामुळे किल्लीने फक्त रिले (थोड्या विजेने मोठा प्रवाह जोडणारा स्विच) चालवावा आणि प्लगांना बॅटरीपासून फ्यूज घातलेली जाड तार स्वतंत्र न्यावी. जुन्या जीपमधील अँमीटरमधून हा प्रवाह अजिबात नेऊ नये. ३० अँपिअरपर्यंत खुणा असलेल्या त्या मीटरमधून नव्या अल्टरनेटरचा पूर्ण भार गेला तर तो जळतो. त्याच्या जागी व्होल्टमीटर लावणे शहाणपणाचे आहे. सेल्फ, सोलेनॉइड किंवा अल्टरनेटर २४ व्होल्टच्या वाहनातून आलेला नाही, याची खात्रीही याच टप्प्यावर करून घ्यावी.

‘अर्थ’ (अर्थिंग), म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे वीज परत नेणारी सांगाड्याची जोडणी, हा विषय क्षुल्लक समजला जातो आणि निम्म्या तक्रारींचे मूळ तेथेच सापडते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते; अर्थची जाड पट्टी लावायची राहिली तर सेल्फचा शेकडो अँपिअरचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापून जाते. हेडलाइट लावताच सगळे काटे एकदम हलले, तर डॅशबोर्डाचा अर्थ सैल आहे असे समजावे. बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा सांगाडा यांच्यात मल्टीमीटर लावून सेल्फ फिरविल्यास फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असावा.

मीटरांपैकी टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखविणारा मीटर, सर्वांत आधी मुका होतो, कारण तो कॉइलचे स्पंद मोजत असतो. त्याला अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टोकावरून संकेत देता येतो, पण दोन्ही संकेतांच्या गतीत फार अंतर असते. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात दर फेरीला २ स्पंद येतात, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सुमारे २७ हर्ट्झ. पुलीचे गुणोत्तर २.५ आणि अल्टरनेटरच्या ध्रुवांच्या ६ जोड्या असतील, तर त्याच वेगाला ‘डब्ल्यू’वर २०० हर्ट्झ मिळतात. म्हणून डिझेलसाठी बनलेला, स्पंदसंख्या जुळविता येणारा टॅकोमीटर घ्यावा आणि क्रँकपुलीवर चकाकती पट्टी चिकटवून हातातल्या प्रकाशीय मीटरशी तो ताडून पाहावा.

तापमान आणि ऑइलदाबाच्या मीटरांबाबत नियम एकच आहे: मीटर आणि त्याचा सेंडर (इंजिनावर बसून मीटरला संकेत देणारा भाग) ही जोडी फोडू नये. ऑइलदाबाचे काही युरोपीय सेंडर शून्य दाबाला सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८४ ओहम दाखवितात, तर अमेरिकी पद्धतीचे २४० वरून ३३ ओहमवर उतरतात. दोहोंची सरमिसळ झाली की काटा उलटा चालतो. जुना सेंडर नव्या इंजिनात बसण्यासाठी खरादीवर आट्यांचा ॲडॅप्टर बनवून घेतला जातो. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी फार गुंडाळली तर सेंडरचा अर्थच तुटतो आणि चांगला मीटर बदलला जातो. तापमानाच्या सेंडरचा रोध उष्णतेने घटतो, त्यामुळे त्याची तार क्षणभर अर्थला टेकविल्यावर काटा गरम टोकाला गेला तर मीटर व तार ठीक असून दोष सेंडरमध्ये आहे. शेवटची चाचणी चढावरच होते. खंडवा रस्त्यावरील भेरूघाट भरल्या गाडीने चढताना काटा कोठे थांबतो ते पाहून, थर्मोस्टॅटपाशी थर्मामीटरने मोजलेल्या तापमानाची खूण मीटरच्या काचेवर करून ठेवतात.