उंदरातला दमा आणि ‘२५ मायक्रोग्रॅम’चा घोळ : पार्श्वभूमी

नाशिकमधला औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी अडुळशाच्या किंवा भारंगीच्या अर्काची दम्यावर चाचणी घ्यायची म्हणून प्राणी-नीतिसमितीसाठी प्रस्ताव लिहायला बसतो, तेव्हा दमा कशाने आणणार या रकान्यात तो बहुधा ‘ओव्हाल्ब्युमिन’, म्हणजे अंड्यातले एक प्रथिन, लिहितो. मार्गदर्शक नव्या वाचनाचे असले, तर ते खोडून ‘धुळीतला माइट’ (कोळ्याच्या कुळातला सूक्ष्म जीव) लिहायला सांगतात. दोघांच्याही बाजूने बोलण्यासारखे आहे.

उंदराला आपोआप दमा होत नाही. पूर्वी हे काम गिनिपिगवर होई, कारण त्याच्या श्वासनलिका चटकन आकसतात. पण १९८६ मध्ये उंदराच्या मदतनीस टी पेशींचे (प्रतिकारयंत्रणेला दिशा देणाऱ्या पेशींचे) दोन प्रकार वेगळे ओळखले गेले, हवे ते जनुक काढून टाकलेले उंदीर मिळू लागले आणि गिनिपिग मागे पडला. अंड्याच्या पांढऱ्यातील निम्म्याहून अधिक प्रथिन म्हणजे ओव्हाल्ब्युमिन. ते स्वस्त आहे, शुद्ध मिळते आणि त्याच्या ३८५ अमिनो आम्लांचा क्रम ठाऊक आहे. मात्र ते नुसते हुंगवले तर उंदराला सहसा त्याची सवयच होते, दमा होत नाही. म्हणून आधी प्रतिकारयंत्रणेला डिवचणाऱ्या ‘ॲलम’सोबत पोटात टोचावे लागते आणि नंतर फवाऱ्याने नाकावाटे द्यावे लागते. (ॲलम म्हणजे खरे तर तुरटी, पण प्रयोगशाळेत या नावाने मिळते ते बहुधा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड.) अंडे पोटात टोचून माणसाला दमा होत नाही, हा आक्षेप इथूनच आला.

घरातल्या धुळीची ॲलर्जी मुख्यतः माइटमुळे येते, हे १९६४ पासून माहीत आहे. गोदाकाठच्या जुन्या वाड्यांत पावसाळ्यात गाद्यांना जी ओल धरते, ती या जीवाला मानवते. त्याच्या अर्कातील एक प्रथिन प्रथिने तोडणारे विकर असून ते श्वासमार्गाच्या अस्तराचे सांधे सैल करते. दुसरे प्रथिन जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनची (त्यांच्या आवरणातल्या विषारी घटकाची) चाहूल घेणाऱ्या यंत्रणेतील एका घटकाची नक्कल करते, असे २००९ मध्ये दिसले. त्यामुळे हा अर्क नाकात थेंबाथेंबाने घातला तरी पुरतो, ॲलम लागत नाही.

घोळ आहे तो मात्रेत. अनेक शोधनिबंधांत ‘२५ मायक्रोग्रॅम माइट अर्क’ एवढेच लिहिलेले असते. हे वजन कोरड्या भुकटीचे की त्यातील प्रथिनाचे? समजा, कुपीतील भुकटीत प्रथिन एक चतुर्थांश आहे. तर प्रथिनाच्या हिशेबाने २५ मायक्रोग्रॅम देण्यासाठी १०० मायक्रोग्रॅम भुकटी घ्यावी लागेल, आणि भुकटीच्या हिशेबाने २५ घेतली तर प्रथिन जेमतेम सव्वासहा मायक्रोग्रॅम जाईल. म्हणजे एकाच आकड्यात चौपट फरक. शिवाय एंडोटॉक्सिन प्रत्येक लॉटमध्ये वेगळे भरते, आणि ते थोडे असले तर ॲलर्जीला खतपाणी घालते, फार झाले तर प्रतिसाद दुसऱ्याच वाटेला जातो, हे २००२ मध्ये दाखवले गेले. तेही ओव्हाल्ब्युमिन वापरूनच. बाजारातले साधे ओव्हाल्ब्युमिनही या बाबतीत धुतल्या तांदळासारखे नसते. असे असताना ‘माइटने न्यूट्रोफिल जास्त आले, ओव्हाल्ब्युमिनने इओसिनोफिल’ अशी (या दोन पांढऱ्या पेशींची) तुलना छापली जाते, तेव्हा ॲलर्जी आणणाऱ्या दोन पदार्थांपेक्षा पोट आणि नाक या दोन वाटांचीच तुलना झालेली असते.

झुरळाचा अर्क आणि अल्टरनेरिया बुरशी मागाहून रूढ झाली. बुरशीमुळे काही तासांतच आयएल-३३ हे प्रतिकारयंत्रणेला जागे करणारे संदेशवाहक प्रथिन सुटते, त्यामुळे सुरुवातीच्या घडामोडी पाहायला ती सोयीची.

ओव्हाल्ब्युमिनला अलीकडे जरा जास्तच नावे ठेवली जातात. आयएल-५ (इओसिनोफिल वाढवणारे संदेशवाहक प्रथिन) नसलेल्या उंदरांत इओसिनोफिल आणि श्वासमार्गाची अतिसंवेदनशीलता दोन्ही उतरतात, हे १९९६ मध्ये ओव्हाल्ब्युमिन वापरूनच दिसले. २००० मध्ये आयएल-५विरुद्धचे औषध सरसकट रुग्णांना दिले, तेव्हा इओसिनोफिल घटले, पण श्वासमार्गाचा प्रतिसाद तसाच राहिला, आणि दोष उंदराच्या माथी आला. पुढे इओसिनोफिल वाढलेले रुग्ण निवडून घेतले, तेव्हा त्यांचे दम्याचे झटके कमी झाले आणि २०१५ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. उंदराने दम्याचा एकच प्रकार दाखवला होता. तो सगळ्यांचा दमा मानला माणसांनी.