पेंढ्यांचा हिशेब आणि खताची मात्रा

फेब्रुवारी-मार्चमध्ये तापीकाठच्या काळ्या शेतांत दादर या रब्बी ज्वारीची कणसे खुडून झाली, की कडब्याच्या पेंढ्या बांधल्या जातात आणि शेकड्याच्या हिशेबाने त्यांची गंजी रचली जाते. धान्याचे पोते काट्यावर चढते, पेंढी मात्र सहसा चढत नाही. एका शेतातली वाळलेली पेंढी दीड किलोची भरते, तर दुसऱ्या शेतातली अडीच किलोची. त्यामुळे 'एकरी हजार पेंढ्या' या एकाच आकड्याचा अर्थ कुठे दीड टन, तर कुठे अडीच टन असा होतो. खताचे नियोजन या आकड्यावर बेतायचे असेल, तर हा एका टनाचा फरक फार महत्त्वाचा आहे.

एक टन वाळलेला कडबा शेताबाहेर जातो, तेव्हा त्याच्यासोबत ढोबळमानाने सहा किलो नत्र (नायट्रोजन), अडीच किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि पंधरा किलो पालाश (पोटॅश) जातो. म्हणजे एकरातून दोन टन कडबा विकला, तर म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या एका गोणीत असतो तेवढा पालाश त्या गाडीतून निघून जातो. आपल्या काळ्या जमिनी पालाशाने संपन्न आहेत, या समजुतीवर हा खर्च वर्षानुवर्षे हिशेबात धरला जात नाही. वर्षभर कापण्या देणाऱ्या संकरित नेपियर गवताच्या किंवा लसूणघासाच्या तुकड्यात ही झीज आणखी वेगाने होते. लसूणघास आपले बहुतेक नत्र मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंकडून मिळवतो, परंतु स्फुरद आणि पालाश त्याला जमिनीतूनच घ्यावे लागतात.

पीक जमिनीतून किती उचलणार, हे उत्पादनावर ठरते. म्हणून खत ठरवण्याआधी उत्पादनाचे उद्दिष्ट ठरवावे लागते. भारतात या विचाराला मृदाशास्त्रज्ञ राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये गणिती रूप दिले. एक क्विंटल उत्पादनासाठी पीक किती अन्नद्रव्य शोषते, त्यातले जमीन किती पुरवते आणि टाकलेल्या खतातले प्रत्यक्ष पिकाला किती लागू पडते, या तीन गोष्टींवरून अपेक्षित उत्पादनासाठी लागणारी मात्रा काढता येते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने अनेक पिकांसाठी अशी समीकरणे दिली आहेत. मात्र समीकरणात 'अपेक्षित उत्पादन' म्हणून कोणता आकडा भरायचा, हे शेतकऱ्यालाच ठरवावे लागते, आणि नेमके तिथेच बियाण्याच्या पाकिटावरचा किंवा बागायती प्लॉटवरचा आकडा नकळत भरला जातो.

खानदेशात त्या आकड्याची वरची मर्यादा बहुधा पाणी ठरवते. दादर पावसाळा संपताना पेरली जाते आणि पुढे जवळजवळ पूर्णपणे जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठते. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडच्या मुरमाड माळावर मातीचा थरच वीतभर असेल, तर साठाही त्याच प्रमाणात तुटपुंजा राहतो. अशा माळावर युरियाची मात्रा दुप्पट केल्याने ओल वाढत नाही. गवताच्या वाळलेल्या एका टनाला सुमारे पंधरा किलो नत्र लागते आणि दिलेल्या नत्रापैकी निम्मेच पिकाला मिळते असे धरले, तर न येणाऱ्या एका टनाच्या आशेने युरियाच्या जवळपास दीड गोणीचा खर्च होतो. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. पाण्याच्या ताणाने ज्वारी-बाजरीची वाढ खुंटली असताना जास्तीचे नत्र ताटांच्या बुडख्यात नायट्रेटच्या रूपाने साठते, आणि तो हिरवा चारा खाल्लेल्या जनावराला विषबाधा होऊ शकते. माझ्या मते, फुगवलेल्या उद्दिष्टाचा हा सर्वांत गंभीर परिणाम आहे.

मग आकडा आणायचा कुठून? आपल्याच शेताच्या मागच्या पाच वर्षांतून. त्यातले कडक दुष्काळाचे वर्ष वगळावे, उरलेल्यांची सरासरी काढावी आणि तीवर फार तर दहा टक्के वाढ धरावी. नोंदी नसतील, तर कापणीच्या दिवशी एक मीटर लांबी-रुंदीची लाकडी चौकट शेतात पाच-सहा ठिकाणी टाकावी. बांधाजवळची दाट आणि मधली विरळ अशा दोन्ही जागा घ्याव्यात. चौकटीतले गवत विळ्याने नेहमीच्या उंचीवर कापून तोलावे. चौरस मीटरला एक किलो म्हणजे एकरी चार टन; पण हे वजन हिरव्याचे आहे. किलोभर नमुना सावलीत पूर्ण वाळवून पुन्हा तोलला, तर अनेकदा तो पाव किलोच्या आसपास उतरतो. म्हणजे एकरी चार टन हिरव्या चाऱ्यातून हाती येतो तो फक्त एक टन वाळलेला चारा. हिरव्याचा आकडा वाळलेल्याच्या समीकरणात टाकला, तर मात्रा चौपट होऊन बसते.

चराऊ कुरणाचा हिशेब याहून निराळा आहे. गुरे जे खातात त्यातले बरेचसे नत्र आणि बहुतांश पालाश शेण-मुताद्वारे परत देतात, त्यामुळे कापून नेलेल्या गवताइतकी भरपाई तिथे करावी लागत नाही. अडचण इतकीच, की हे परत येणे सारखे पसरत नाही. पाणवठ्याजवळ आणि निंबाच्या सावलीखाली शेणाचा थर साचतो, तर दूरचा उतार उघडाच राहतो. ठेलारी मेंढपाळांचा कळप शेतात बसवताना दर रात्री जागा बदलतात, त्यामागचे शास्त्र हेच आहे.

पावसावरच्या पवन्या-मारवेल या गवतांच्या कुरणातून हेक्टरी एक ते तीन टन वाळलेले गवत मिळणे, हे वास्तव उद्दिष्ट मानावे. तिथे हेक्टरी वीस ते चाळीस किलो नत्र, तेही चांगला पाऊस होऊन गवत हिरवे झाल्यावरच द्यावे. जुलैअखेर पाऊस ओढ देत असेल, तर नत्राचा दुसरा हप्ता रोखून धरावा आणि उद्दिष्ट त्याच आठवड्यात वहीत खाली आणावे.