चाचणी खेळ (चित्रपट)

चाचणी खेळ : चित्रपटाचे संकलन पक्के होण्यापूर्वी तो सर्वसामान्य प्रेक्षकांना दाखवून, त्यांचा प्रतिसाद नोंदवून, त्यानुसार त्यात फेरफार करण्याची निर्मितिसंस्थांची पद्धत. हिंदी-मराठी चित्रव्यवसायात ‘ट्रायल’ हा शब्द सैलपणे वापरतात. वितरकांसाठीचा, पत्रकारांसाठीचा, कलाकारांच्या घरच्यांसाठीचा असे सगळेच खेळ त्यात येतात. प्रस्तुत नोंदीत मात्र ज्या खेळानंतर चित्रपट बदलण्यास वाव उरतो, त्यालाच चाचणी खेळ म्हटले आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. तो पूर्वखेळ होता, चाचणी नव्हे.

पद्धतीच्या जनकत्वाचा मान सामान्यतः अमेरिकन विनोदी नट हॅरल्ड लॉइड (१८९३–१९७१) याला देतात. मूकपटांच्या काळात तो आपले चित्रपट आधी एखाद्या चित्रगृहात लावून हशा कुठे पिकतो व कुठे पडतो हे टिपून घेई, आणि पडेल जागा पुन्हा चित्रित करी. याचा बराचसा आधार खुद्द लॉइडच्या आठवणी हाच असल्याने ‘पहिला’ हे विशेषण जपून वापरलेले बरे. त्याच सुमारास दुसरा विनोदी नट बस्टर कीटनही हेच करत होता : ‘द नॅव्हिगेटर’मध्ये (१९२४) समुद्रतळाशी माशांची वाहतूक नियंत्रित करण्याचा खर्चिक विनोद प्रेक्षक हसले नाहीत म्हणून त्याने काढून टाकला. तेव्हा कोणा एकाला जनक ठरवण्यापेक्षा ही रीत विनोदी लघुपटांच्या धंद्यातूनच रुळली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हशा कानांनी ऐकता येतो, मोजता येतो; करुणरसाच्या बाबतीत ही सोय नाही. १९२९ मध्ये लॉइडने ‘वेलकम डेंजर’ हा तयार मूकपट चाचणीनंतर बोलपट म्हणून नव्याने घडवला. जोडीला दाखवलेल्या एका बोलक्या लघुपटाला अधिक हशा मिळाला, हे त्यामागचे कारण सांगितले जाते.

हॉलिवुडच्या मोठ्या संस्थांत ही रीत रुजवण्याचे श्रेय एम.जी.एम. या निर्मितिसंस्थेच्या निर्मितिप्रमुख अर्व्हिंग थॅलबर्गकडे जाते. पोमोना, रिव्हरसाइड, सॅन बर्नार्डिनो अशा लॉस अँजेलिसबाहेरच्या गावांत, दुसराच चित्रपट पाहायला आलेल्या प्रेक्षकांपुढे, आगाऊ न सांगता नवा चित्रपट लावत. ‘गॉन विथ द विंड’ असाच ९ सप्टेंबर १९३९ रोजी रिव्हरसाइडला दाखवला गेला. मार्क्स बंधू या विनोदी नटांच्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’साठी (१९३५) तर थॅलबर्गने चित्रीकरणाआधीच विनोदी प्रवेशांचा रंगमंचावर दौरा काढला, नाटकवाल्यांना यात नवल वाटू नये.

‘लॉस्ट होरायझन’चा (१९३७) किस्सा वारंवार सांगितला जातो. नोव्हेंबर १९३६ मध्ये सँटा बार्बरा येथे प्रेक्षक नको तिथे हसले, तेव्हा आपण पहिली दोन रिळे जाळून टाकली आणि चित्रपट तरला, असे दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांनी आत्मचरित्रात म्हटले आहे. चरित्रकार जोसेफ मॅकब्राइड यांना हे मान्य नाही : नंतर पुनर्लेखन व पुनर्चित्रण झाले आणि कापाकापीत कोलंबिया या निर्मितिसंस्थेचे प्रमुख हॅरी कोन यांचाही हात होता. हेच अधिक ग्राह्य वाटते, कारण एवढा लांब चित्रपट दोन रिळे गाळून सुधारणे कठीण. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’बाबत असा वाद नाही. १७ मार्च १९४२ रोजी पोमोना येथे एका संगीतप्रधान विनोदी चित्रपटानंतर तो दाखवला गेला. प्रतिसाद वाईट आला. वेल्स ब्राझीलमध्ये असताना निर्मितिसंस्था आर.के.ओ.ने चाळीसहून अधिक मिनिटे कापली, शेवट नव्याने चित्रित केला आणि ८८ मिनिटांचा चित्रपट प्रदर्शित केला. कापलेला भाग नष्ट झाला.

मोजमापाला शिस्त आणण्याचे प्रयत्न १९४० पासून, जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांच्या ऑडियन्स रिसर्च इन्स्टिट्यूटमुळे सुरू झाले. प्रेक्षकाच्या हातात फिरवण्याची तबकडी देऊन आवड-नावड क्षणोक्षणी नोंदवण्याचा प्रयोगही तिथे झाला. आजची पद्धत मुख्यतः जोसेफ फॅरेल यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या नॅशनल रिसर्च ग्रुपने घडवली. मॉलमध्ये वा चित्रगृहांबाहेर वय आणि लिंग पाहून माणसे निवडतात. खेळ संपल्यावर ती प्रश्नपत्रिका भरतात, आणि वीसएक जणांना गटचर्चेसाठी थांबवून घेतात. चित्रपटाला वरच्या दोन श्रेण्या (‘उत्कृष्ट’, ‘फार चांगला’) देणाऱ्यांचे प्रमाण आणि ‘नक्की शिफारस करीन’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण, या दोन आकड्यांवर पुढचे बरेच ठरते. ‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’मध्ये (१९८७) खलनायिका आत्महत्या करते हा मूळ शेवट चाचणीनंतर बदलून तिचा वध दाखवण्यात आला. ‘ब्लेड रनर’ला (१९८२) डेन्व्हर व डॅलस येथील खेळांनंतर निवेदन व सुखान्त जोडला गेला; १९९२ च्या आवृत्तीत दोन्ही काढले गेले.

१९९७ मध्ये ‘बॅटमॅन अँड रॉबिन’च्या चाचणीचे प्रतिकूल वृत्तांत इंटरनेटवर फुटले. अशा प्रकारांमुळे गुप्ततेचे करार आणि फोन काढून घेणे यांना महत्त्व आले.

भारतात अलीकडे रूढ झालेला ‘पेड प्रीव्ह्यू’, म्हणजे प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीचे तिकीट लावून होणारे खेळ, या नोंदीच्या व्याख्येत बसत नाहीत. तोवर चित्रपट प्रमाणन मंडळाचे (सेन्सॉरचे) प्रमाणपत्र मिळालेले असते, आणि त्यानंतर केलेला फेरफार मंडळाला कळवावा लागतो.