बाक्स्टची सलवार आणि शनेलचा पोहण्याचा पोशाख

‘फ्लॅपर काळातल्या (म्हणजे १९२० च्या दशकातल्या) पोशाखावर रशियन बॅलेचा मोठा प्रभाव होता’ हे वाक्य फॅशनच्या इतिहासात सहज लिहिले जाते आणि पुराव्यादाखल बहुधा दोन चित्रे शेजारी शेजारी छापली जातात. एक असते रंगमंचाचा चित्रकार लेऑन बाक्स्टने ‘शेहेराझाद’साठी काढलेले सलवारीतल्या नर्तकीचे, आणि दुसरे असते ‘ल त्रँ ब्लू’, म्हणजे ‘निळी गाडी’, या बॅलेतल्या पोहण्याच्या पोशाखातल्या कलावंतांचे. दोन्ही बॅले सर्गेई दियागिलेवच्या ‘बॅले रूस’ या एकाच मंडळीचे असल्यामुळे दोन्ही चित्रे एकाच गोष्टीचा पुरावा समजली जातात. प्रत्यक्षात १९१० मध्ये कपडा रंगमंचावरून शिवणघरात गेला आणि १९२४ मध्ये तो शिवणघरातून रंगमंचावर आला.

‘शेहेराझाद’चा पहिला प्रयोग ४ जून १९१० रोजी पॅरिसच्या ऑपेरात झाला. पाचूसारख्या हिरव्या आणि निळ्या पडद्यांखाली पोवळ्याच्या रंगाची जमीन, आणि त्यावर घोट्याशी आवळलेल्या झिरझिरीत विजारी, मोत्यांच्या माळा, पिसांचे तुरे. झोबेइदाच्या भूमिकेत इदा रुबिनस्टाईन होती आणि सोनेरी गुलामाच्या भूमिकेत मंडळीतला नामवंत नर्तक निजिन्स्की. त्याआधीची बॅले नर्तकी म्हणजे घट्ट चोळी आणि तिच्याखाली फुललेला जाळीचा घेर. बाक्स्टने ती चोळीच काढून टाकली, त्यामुळे कापडाखाली धड वळताना, वाकताना दिसू लागले. बगदाद, इराण, तुर्कस्तान आणि हिंदुस्थान यांची या वेशभूषेत मनसोक्त सरमिसळ होती आणि आपल्याकडच्या एखाद्या जाणत्या शिंप्यालाही ती सलवार नेमकी कुठली, हे सांगता आले नसते. समोर बसलेल्या प्रेक्षकवर्गाला मात्र त्याची फिकीर नव्हती, आणि पॅरिसच्या महागड्या शिवणघरांचे गिऱ्हाईकही हाच वर्ग होता.

पुढच्याच वर्षी, २४ जून १९११ रोजी, पोल प्वारे या प्रसिद्ध वेशकाराने आपल्या बागेत ‘एक हजार दुसरी रात्र’ नावाची मेजवानी दिली, तेव्हा त्याची पत्नी दनीज सलवार आणि त्यावर दिव्याच्या शेडसारखा फुगलेला अंगरखा घालून वावरली. तसले अंगरखे पुढे त्याने गिऱ्हाइकांसाठीही शिवले. आपण हे बाक्स्टकडून घेतले, हे प्वारेने कधीच मान्य केले नाही. त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे, असे तारखा पाहता म्हणावे लागते. कंबर आवळणारी कॉर्सेट सोडून छातीखालून सरळ पडणारे झगे तो १९०६ च्या सुमारासच शिवत होता, पोल इरिबने रेखाटलेला त्याच्या झग्यांचा रंगीत संग्रह १९०८ चा आहे, आणि दियागिलेवची मंडळी बॅले घेऊन पॅरिसला आली ती १९०९ मध्ये. पगड्यांसाठी तर त्याने लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या संग्रहालयातल्या हिंदुस्थानी पगड्या अभ्यासल्या होत्या, असे तो स्वतःच सांगतो. तेव्हा सरळ आकार त्याचा स्वतःचा होता, पण सलवार, फुगीर अंगरखा आणि त्यांना मिळालेली गिऱ्हाइके ही १९१० नंतरची आहेत.

‘ल त्रँ ब्लू’ची गोष्ट अगदी उलटी आहे. २० जून १९२४ रोजी शाँझेलिझे नाट्यगृहात तो प्रथम सादर झाला. संहिता झाँ कॉक्तोची, संगीत दारियुस मियोचे, नृत्यरचना ब्रोनिस्लावा निजिन्स्काची, दर्शनी पडदा पिकासोच्या चित्रावरून मोठा केलेला आणि वेशभूषा पॅरिसची वेशकार कोको शनेलची. (याच कॉक्तोने १९१२ मध्ये याच मंडळीसाठी ‘ल दिय ब्लू’, म्हणजे ‘निळा देव’, या हिंदुस्थानी थाटाच्या बॅलेची संहिता लिहिली होती, निळ्या देवाची निळी गाडी व्हायला १२ वर्षे लागली.) शीर्षकातली गाडी म्हणजे कॅलेहून भूमध्य समुद्रकाठी जाणारी श्रीमंतांची रेल्वे, आणि रंगमंचावर दिसतो तो त्या गाडीतून उतरलेल्या लोकांचा समुद्रकिनारा. टेनिसपटू सुझान लाँग्लेनवर बेतलेली भूमिका निजिन्स्का स्वतः करीत असे, आणि गॉल्फ खेळणारा गृहस्थ हा उघडउघड प्रिन्स ऑफ वेल्सचा अवतार होता.

शनेलने यांच्यासाठी नवे काही कल्पिले नाही. साध्या विणीची जर्सी ती पहिल्या महायुद्धापासूनच विकत होती. तीच वीण, तोच सैल कट तिने नर्तकांच्या अंगावर चढवला. रंगमंचासाठी कपडा शिवताना जे भान ठेवावे लागते, ते तिने ठेवले नव्हते, असे माझे मत आहे. इंग्लिश नर्तकी लिडिया सोकोलोव्हाला गुलाबी विणलेला पोहण्याचा पोशाख मिळाला होता. तिला हवेत झेलताना त्या सैल विणीत जोडीदाराला नीट पकडच मिळत नसे, आणि कानांतली मोठी मोत्यांची कर्णफुले अशी की संगीत ऐकणे अवघड होई. बाक्स्टचा कपडा नाचासाठी जन्मला होता, शनेलचा फिरण्यासाठी.

म्हणून १९२५ चा एखादा झगा समोर आला की त्यात दोन धागे वेगळे काढावे लागतात. त्यावरची जर, काचमण्यांचे भरीव काम, डोक्याला गुंडाळलेली पगडी आणि जांभळ्याशेजारी नारिंगी लावण्याचे धाडस यांचे मूळ बऱ्याच अंशी ‘शेहेराझाद’पर्यंत नेता येते, १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यावर त्यात इजिप्तची भर पडली. कमरेवरून नितंबांपर्यंत घसरलेली रेघ, नळीसारखा सरळ कट आणि जर्सी यांचे श्रेय मात्र ‘ल त्रँ ब्लू’ला देता येत नाही, कारण ते सारे त्याच्याआधीच रस्त्यावर आलेले होते. रंगमंचावर मांड्या दिसल्या म्हणून स्कर्ट आखूड झाले, असेही नाही. गुडघ्याची उंची रोजच्या पोशाखाने गाठली ती १९२६-२७ च्या सुमारास.

त्या दशकातला जो झगा पाहताक्षणी बॅलेचा वाटतो, म्हणजे घट्ट चोळी आणि दोन्ही बाजूंना फुललेला घेर असलेला वेशकार झान लाँव्हँचा ‘रोब द स्तिल’, त्याचा तर बॅलेपेक्षा अठराव्या शतकातल्या फ्रेंच दरबाराशी जवळचा संबंध आहे.

या दोन दिशांत न बसणारी एक बाई आहे, चित्रकार सोनिया दलोने. १९१३ मध्ये तिने रंगीत तुकडे जोडून स्वतःसाठी शिवलेला झगा ती पॅरिसच्या ‘बाल बुलिए’ या नाचघरात घालून जात असे. १९१८ मध्ये दियागिलेवने ‘क्लेओपात्र’ हा बॅले लंडनमध्ये नव्याने उभा केला, तेव्हा तेच रंग राणीच्या छातीपोटावर गोल चकत्या होऊन आले, आणि १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात तिने अलेक्झांडर तिसरा पुलावर दुकान थाटले, तेव्हा ते विक्रीला लागले.