गुरखा सैनिक

नेपाळच्या डोंगराळ भागातून भरती होऊन मुख्यतः भारताच्या व ब्रिटनच्या सैन्यात सेवा करणारे सैनिक. भारतीय लष्करात ‘गोरखा’ असे लिहितात. हे नाव मध्य नेपाळातील गोरखा या छोट्या राज्यावरून पडले. तिथला राजा पृथ्वीनारायण शाह याने १७६८-६९ मध्ये काठमांडूचे खोरे जिंकले व आजच्या नेपाळचा पाया घातला. गुरखा ही एक जात नव्हे. मगर, गुरुंग, राई, लिंबू, छेत्री अशा अनेक समाजांतील तरुण या पलटणींत असतात. शिवाय दार्जिलिंग, देहरादून, धर्मशाळा या भागांतील भारतीय गोरखेही असतात.

त्यांच्या लौकिकाची सुरुवात इंग्रजांच्या बाजूने नव्हे, इंग्रजांविरुद्ध लढताना झाली. १८१४ च्या ऑक्टोबरात, इंग्रज-नेपाळ युद्धात, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने देहरादूनजवळच्या नालापाणी टेकडीवरील खलंगा गढीला वेढा घातला. गढीचा नेपाळी सेनानी बलभद्र कुंवर याच्यापाशी बायकामुले धरून जेमतेम सहाशे माणसे होती. ३१ ऑक्टोबरच्या हल्ल्यात कंपनीचा सेनापती जनरल गिलेस्पी मारला गेला. नोव्हेंबरातला दुसरा हल्लाही फसला. तेव्हा इंग्रजांनी गढीचे पाणी तोडले आणि तोफांचा मारा चालू ठेवला. अखेर बलभद्र उरलेली सत्तरएक माणसे घेऊन वेढ्यातून निसटला. पुढे इंग्रजांनी तिथे दोन स्मारके शेजारीशेजारी उभारली: एक आपल्या मृतांचे, दुसरे बलभद्र व त्याच्या साथीदारांचे. बलभद्र नंतर रणजितसिंहांच्या फौजेत गेला आणि १८२३ मध्ये नौशेऱ्याच्या लढाईत पडला. परक्या फौजेत चाकरी करणाऱ्याला नेपाळात ‘लाहुरे’ म्हणतात, त्या परंपरेचा तोही एक.

युद्ध संपण्याची वाटही न पाहता १८१५ मध्येच कंपनीने नासिरी, सिरमूर व कुमाऊं या पलटणी उभारल्या. त्यांत कुमाऊंनी व गढवाली शिपाईही बरेच होते, हे सहसा सांगितले जात नाही. १८५७ मध्ये सिरमूर पलटणीने दिल्लीच्या टेकडीवरील हिंदुराव वाडा तीन महिन्यांहून अधिक काळ राखला. तिच्या ४९० पैकी ३२७ जण मारले गेले वा जखमी झाले. हा वाडा मूळचा कागलच्या घाटग्यांपैकी हिंदुरावांचा, म्हणजे बायजाबाई शिंदे यांच्या भावाचा. आज त्या जागी हिंदुराव रुग्णालय आहे. उठावानंतर इंग्रजांनी ‘लढवय्या जमाती’ असे वर्गीकरण रूढ केले आणि गुरख्यांना त्यात मानाचे पान दिले. शौर्य खरे असले, तरी ते अमुक रक्तातच असते हा सिद्धांत राज्यकर्त्यांच्या सोयीचा होता.

१९११ पर्यंत हिंदी सैन्यातील देशी शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळत नसे. गुरखा पलटणींच्या २६ क्रॉसपैकी निम्मे इंग्रज अधिकाऱ्यांचे आहेत, त्याचे हे एक कारण. पहिला गुरखा मानकरी कुलबीर थापा. २५ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्समध्ये स्वतः जखमी असताना त्याला जर्मन खंदकामागे एक जखमी इंग्रज शिपाई सापडला. त्याच्यापाशी तो दिवसभर व रात्रभर थांबला, दुसऱ्या दिवशी त्याला तारांपलीकडे आणले, मग दोन जखमी गुरख्यांना सुरक्षित जागी पोचवले आणि भर उजेडात, गोळीबारात, परत जाऊन त्या इंग्रजाला उचलून आणले. या मदतीची कहाणी खुकरीच्या, म्हणजे गुरख्यांच्या वाकड्या सुऱ्याच्या, दंतकथांइतकी पसरली नाही. खुकरी उपसली की रक्त चाखल्याशिवाय म्यानात जात नाही, असे म्हणतात. प्रत्यक्षात तिने लाकूड फोडतात, भाजीही चिरतात.

या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत डायरच्या हुकमावरून गोळ्या झाडणाऱ्यांत गुरखा शिपाई होते. उलट, गुरखा पलटण सोडून आझाद हिंद सेनेत गेलेल्या दुर्गा मल्लाला इंग्रजांनी १९४४ मध्ये फाशी दिले. ‘इमानी गुरखा’ या एका विशेषणात ही दोन्ही माणसे मावत नाहीत. आपल्याकडे तर गुरखा म्हटले की शिट्टी वाजवत गल्लीत फिरणारा रात्रीचा पहारेकरीच डोळ्यांपुढे येतो.

१९४७ च्या भारत, नेपाळ व ब्रिटन यांच्यातील त्रिपक्षीय करारानुसार गुरख्यांच्या दहापैकी सहा रेजिमेंट भारताकडे व चार ब्रिटनकडे गेल्या. भारताने पुढे ११ गोरखा रायफल्स उभारली. ‘जय महाकाली, आयो गोरखाली’ ही आरोळी आजही तीच आहे. लडाखच्या सिरिजाप चौकीवर १९६२ मध्ये लढलेले मेजर धनसिंग थापा परमवीरचक्राचे मानकरी ठरले.

लौकिकाच्या मानाने मोबदला मात्र तोकडा राहिला. ब्रिटनच्या गुरख्यांचे निवृत्तिवेतन दीर्घकाळ भारतीय दरांशी बांधलेले होते. १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा हक्क २००९ मध्ये, मोठ्या आंदोलनानंतर मिळाला. भारतात २०२२ मध्ये शिपायांना चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी परतणाऱ्या बहुसंख्य तरुणांचे काय, हा नेपाळचा आक्षेप होता, आणि त्यामुळे नेपाळमधून होणारी भारतीय सैन्याची भरती थांबली.