यूआरएल टॅग

सर्व्हरवर तयार होणाऱ्या वेबपानात दुव्याचा पत्ता हाताने न लिहिता टॅग लायब्ररीतल्या (तयार खुणांच्या संग्रहातल्या) टॅगकडून लिहून घेण्याची सोय. जेएसपीच्या (जावा सर्व्हर पेजेस, म्हणजे जावा भाषेच्या आधारे सर्व्हरवर पाने तयार करण्याचे तंत्र) मंडळींमध्ये ती सर्वाधिक रुळली. स्वतःचे टॅग बनवण्याची मुभा जेएसपी १.१ या आवृत्तीने १९९९ मध्ये दिली. पुढे २००२ मध्ये जेएसटीएल ही टॅगची प्रमाण लायब्ररी आली. तिच्या 'कोअर' भागात पत्त्यांशी संबंधित चार टॅग आहेत : सी:यूआरएल, सी:पॅरम, सी:इम्पोर्ट आणि सी:रीडायरेक्ट. आज हीच लायब्ररी जकार्ता या नावाखाली नांदते.

पत्त्यासारख्या साध्या गोष्टीला टॅग कशाला, हा प्रश्न नवख्याला पडतोच. उत्तर असे, की पान लिहिणाऱ्याला आपला अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर कोणत्या नावाने बसवला जाईल हे ठाऊक नसते. दुवा '/शोध' असा लिहिला आणि अ‍ॅप्लिकेशन '/ग्रंथालय' या कॉन्टेक्स्ट पाथखाली (अ‍ॅप्लिकेशनच्या पत्त्याच्या सुरुवातीच्या भागाखाली) बसवला, तर ब्राउझर थेट सर्व्हरच्या मुळाशी '/शोध' शोधतो आणि ४०४ ('पान सापडले नाही') घेऊन परततो. सी:यूआरएलला तेच '/शोध' दिले तर तो पुढे कॉन्टेक्स्ट पाथ जोडून '/ग्रंथालय/शोध' लिहून देतो. सुरुवातीची तिरकी रेघ गाळून सापेक्ष (चालू पानापासून मोजला जाणारा) पत्ता लिहिण्याची पळवाट फार काळ टिकत नाही. सर्व्हरने आतल्या आत दुसऱ्या पानाकडे फॉरवर्ड केले, तरी ब्राउझरच्या पट्टीत जुनाच पत्ता राहतो. सापेक्ष दुवे त्या जुन्या पत्त्यापासून मोजले जातात आणि भलतीकडे जातात.

दुसरे काम सी:पॅरमचे, म्हणजे क्वेरीतली (पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागातली) मूल्ये सुरक्षित रूपात नेण्याचे. शोधाच्या चौकटीत कोणी 'ऊन&पाऊस' लिहिले आणि ते तसेच्या तसे पत्त्याला चिकटवले, तर सर्व्हरच्या हाती फक्त 'ऊन' लागते. & या चिन्हापाशी एक पॅरामीटर (नाव आणि मूल्याची जोडी) संपतो, त्यामुळे 'पाऊस' हे वेगळ्याच पॅरामीटरचे नाव ठरते. सी:पॅरम नाव आणि मूल्य दोन्ही एन्कोड करतो, म्हणजे पत्त्यात चालणाऱ्या चिन्हांत बदलतो. देवनागरीत हे काम चांगलेच लांबते : 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच युनिकोड चिन्हे, यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात प्रत्येकाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासह तीन अक्षरे, म्हणजे पत्त्यात एकूण ४५ अक्षरे. पानाचा कॅरेक्टर सेट (अक्षरसंकेत) यूटीएफ-८ असा सांगायचा राहिला, तर जेएसपी आयएसओ-८८५९-१ हा देवनागरी नसलेला संकेत गृहीत धरते आणि सगळ्या शब्दाची प्रश्नचिन्हे होतात. दोष टॅगच्या माथी मारला जातो, चूक मात्र पानाच्या पहिल्या ओळीत असते. पत्ता वाचणाऱ्या बाजूचाही मेळ बसावा लागतो. जेएसपी चालवणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरने पत्त्यांसाठी यूटीएफ-८ हा डीफॉल्ट आवृत्ती ८ पासून धरला.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते : सी:यूआरएल स्वतःच्या 'व्हॅल्यू'मधला (पत्ता लिहायच्या जागेतला) मजकूर एन्कोड करत नाही. वापरकर्त्याकडून आलेला मजकूर तिथे थेट घुसडला तर सी:पॅरमचा काही उपयोग होत नाही. तयार झालेला पत्ता एचटीएमएलसाठी एस्केप करणे (त्यातली विशेष चिन्हे निरुपद्रवी करणे) हेही त्याच्या कामात बसत नाही. त्यासाठी पत्ता 'व्हार'ने नाव दिलेल्या चलात साठवून सी:आउट या छापणाऱ्या टॅगने छापायचा.

तिसरे काम सेशनचे, म्हणजे एकाच भेट देणाऱ्याला पानापानांतून ओळखून ठेवण्याचे, आणि खरी कुरकुर त्याच्याबद्दल आहे. ही ओळख ब्राउझरमध्ये ठेवणारी कुकी तो स्वीकारतो की नाही हे सर्व्हरला पहिल्या भेटीत कळत नाही. म्हणून सी:यूआरएल सापेक्ष पत्त्यांना अर्धविरामानंतर 'जेसेशनआयडी' (सेशनचा ओळखक्रमांक) चिकटवतो. परक्या साइटच्या पूर्ण पत्त्यांना तो हे शेपूट लावत नाही, तेवढा शहाणपणा प्रमाणकात आहे. कुकी बंद ठेवणाऱ्यांच्या काळात ही सोय रास्त होती. आता मात्र तो पत्ता कोणी मित्राला पाठवला, की सोबत स्वतःचे चालू सेशनही जाते. शिवाय तो सर्व्हरच्या नोंदींमध्ये (लॉगमध्ये) उरतो आणि शोधयंत्रांना एकच पान शंभर पत्त्यांवर दिसते. स्टाइलशीटचे पत्तेही या टॅगने लिहिले तर त्यांनाही तेच शेपूट लागते. जेएसपीच्या पायाशी असलेल्या सर्व्हलेट प्रमाणकाच्या ३.० (२००९) आवृत्तीपासून अ‍ॅप्लिकेशनच्या वेब.एक्सएमएल या मांडणीच्या फाइलमध्ये सेशनचा माग फक्त कुकीने ठेवावा असे सांगता येते. नवा प्रकल्प हाती घेताना ती ओळ आधी लिहावी.

सी:रीडायरेक्ट ब्राउझरला नव्या पत्त्यावर धाडतो आणि पानाचे पुढचे काम तिथेच थांबवतो. त्याआधी उत्तराचा काही भाग ब्राउझरकडे रवाना झाला असेल तर अपवाद (काम थांबवणारी चूक) फेकला जातो, म्हणून तो पानाच्या अगदी वर ठेवतात. सी:इम्पोर्ट दुसऱ्या पत्त्यावरचा मजकूर आणून पानात बसवतो, अगदी परक्या सर्व्हरवरचासुद्धा. या दोन्ही टॅगना वापरकर्त्याने दिलेला पत्ता न तपासता देणे धोक्याचे आहे. पहिला भेट देणाऱ्याला फसव्या साइटवर नेऊ शकतो, तर दुसरा सर्व्हरलाच आतल्या नेटवर्कमधली पाने उघडायला लावू शकतो.

स्प्रिंग या जावाच्या चौकटीच्या (फ्रेमवर्कच्या) यूआरएल टॅगने पत्त्याच्या मधोमध महिरपी कंसात जागा राखण्याची सोय दिली. पुस्तकाचा क्रमांक क्वेरीत न जाता मार्गातच बसतो. पायथन भाषेतल्या जँगो या चौकटीचा टॅग त्याही पलीकडे गेला. तिथे पत्ता लिहायचाच नसतो, पानाला दिलेले नाव सांगायचे. त्या नावाचे पान नसेल तर दुवा छापला जाण्याआधीच चूक समोर येते. सी:यूआरएल अशी कोणतीही तपासणी करत नाही. '/शोध'ऐवजी '/शोद' लिहिले तरी तो कॉन्टेक्स्ट पाथ लावून ते नेटकेपणाने छापतो.